प्रश्न कोणाला विचारला जातो: प्रसिद्धी, वाद आणि स्त्री

चित्रपट, मालिका, गाणी, क्रिकेट आणि त्यांतील माणसे यांच्याविषयीच्या बातम्यांना मराठी वृत्तपत्रांत दीर्घकाळ आतले पान किंवा रविवारची पुरवणी एवढीच जागा होती, आणि सुशिक्षित घरांत त्या आवडीने वाचल्या जात असल्या तरी वाचल्याचे कबूल करण्याची पद्धत नव्हती. ती अढी आता उरलेली नाही. तिच्यामागचा समज मात्र टिकून आहे, की या बातम्या म्हणजे फावल्या वेळात चघळण्याचा विषय असून त्यांत विचार करण्यासारखे काही नसते. प्रस्तुत व्याख्यानाची भूमिका याच्या उलट आहे. लोकप्रिय संस्कृती, म्हणजे मोठ्या समुदायासाठी निर्माण होणारी, बाजारामार्फत त्याच्यापर्यंत पोहोचणारी आणि रोजच्या बोलण्यात, पेहरावात, लग्नाच्या वरातीत मुरून जाणारी संस्कृती, हे क्षेत्र असे आहे की स्त्रीने कसे वागावे याचे जे नियम कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सापडत नाहीत ते येथे उघडपणे उच्चारले जातात, आणि ते मोडणाऱ्या बाईला शिक्षाही येथेच सुनावली जाते.

अशा वादांकडे स्त्रीवादी दृष्टीने पाहायचे म्हणजे प्रत्येक वादात बाईची बाजू घ्यायची, असा एक सोयीस्कर अर्थ विरोधकांनी लावलेला आहे आणि समर्थकांपैकीही काहींनी तो निमूटपणे स्वीकारलेला आहे. वास्तविक ही दृष्टी वादाच्या निकालापेक्षा त्याच्या घडणीकडे पाहते. घटना एक असते, तीत माणसे अनेक असतात. मग प्रश्न त्यांतील कोणाला विचारला जातो, कोणाला विचारला जात नाही, कोणता प्रश्न पुराव्याचा म्हणून मांडला जातो आणि प्रत्यक्षात तो चारित्र्याचा असतो, आणि या साऱ्या विचारपुशीतून पैसा व सत्ता कोणाच्या पदरात पडते, हे तपासणे हे या दृष्टीचे मुख्य काम होय. त्यासाठी अलीकडच्या काळातील सर्वांत मोठा आणि मुंबईतच घडलेला वाद येथे विस्ताराने घेतला आहे.

अभिनेता सुशांतसिंह राजपूत याचा १४ जून २०२० रोजी वांद्रे येथील राहत्या घरी मृत्यू झाला. टाळेबंदीचा तो काळ होता, चित्रीकरणे बंद होती, माणसे घरात अडकलेली होती आणि वृत्तवाहिन्यांपुढे साथीच्या आकड्यांखेरीज दाखवण्यासारखे फारसे काही नव्हते. सुरुवातीचे काही आठवडे चर्चा चित्रपटसृष्टीतील घराणेशाहीची होती. २५ जुलैला मृताच्या वडिलांनी पाटणा येथे फिर्याद दाखल केली, तीत त्याची मैत्रीण आणि अभिनेत्री रिया चक्रवर्ती हिच्यावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचे आणि पैशांच्या अपहाराचे आरोप होते, आणि तेव्हापासून घराणेशाही, निर्माते, उद्योगातील मक्तेदारी हे सारे मागे पडून पडद्यावर एकच चेहरा उरला. १९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवण्यास मान्यता दिली. अंमलबजावणी संचालनालय आधीच कामाला लागले होते. त्यांच्या पाठोपाठ अमली पदार्थ नियंत्रण विभाग आला, आणि ८ सप्टेंबरला त्याने तिला अटक केली. मृत्यूच्या तपासासाठी सुरू झालेली तीन केंद्रीय यंत्रणांची ही धावपळ अखेर ज्या गुन्ह्यात अटकेपर्यंत पोहोचली त्याचा मृत्यूच्या कारणाशी थेट संबंध नव्हता, ही गोष्ट त्या दिवसांच्या गदारोळात फारशी कोणी उच्चारली नाही.

या वादाला जो आकार आला तो कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे. राजपूत घराघरांत पोहोचला तो २००९मध्ये सुरू झालेल्या ‘पवित्र रिश्ता’ या हिंदी मालिकेतून, आणि ती मालिका मुंबईतील मराठी कुटुंबांची होती. त्यात त्याने रंगवलेला मानव देशमुख हा गॅरेजमध्ये काम करणारा, आईवर माया करणारा, कष्टाळू आणि सरळ मनाचा मुलगा होता. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६मध्ये प्रेक्षक आणि पडद्यावरची व्यक्ती यांच्यातील नात्यासाठी ‘पॅरासोशल’ ही संज्ञा वापरली होती. पडद्यावरच्या व्यक्तीशी प्रेक्षकाचा जो एकतर्फी जिव्हाळा जडतो, ज्यात एका बाजूला खरी माया असते आणि दुसऱ्या बाजूला ओळखही नसते, असे नाते तिच्यातून सुचवले जाते. या जिव्हाळ्यामुळे लाखो प्रेक्षकांच्या लेखी मृत माणूस हा घरचा मुलगा होता. घरचा मुलगा गेला की घरात जो प्रश्न विचारला जातो तोच मग देशभर विचारला गेला: त्याला नादी कोणी लावले? दैनंदिन मालिकांनी वर्षानुवर्षे घोटून तयार केलेली खलनायिका, जी मुलाला आईबापांपासून तोडते, त्याच्या पैशावर डोळा ठेवते, त्याच्या अन्नात काहीतरी कालवते आणि काजळ भरलेल्या डोळ्यांनी कॅमेऱ्याकडे पाहते, ती वाहिन्यांच्या हाताशी तयारच होती. बातमीने मालिकेचे कथानक उसने घेतले आणि त्यातील बाईच्या जागी एका हयात, नावगाव असलेल्या स्त्रीला बसवले.

कथानक एवढे परिचयाचे असल्यामुळेच काळ्या जादूचा आरोप कोणाला हास्यास्पद वाटला नाही. तिने मृतावर करणी केली, असे मृताच्या नातलगांच्या आणि तथाकथित जाणकारांच्या हवाल्याने वाहिन्यांवर तासन्‌तास बोलले गेले. ती बंगाली असल्याने बंगाली स्त्रिया पुरुषांना वश करतात हा जुना ग्रहही समाजमाध्यमांवर उफाळून आला आणि असंख्य बंगाली मुलींना शिव्या खाव्या लागल्या. येथे एक गोष्ट महाराष्ट्राने लक्षात घ्यायला हवी होती. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यानंतर, २०१३ साली, जो जादूटोणाविरोधी कायदा राज्यात लागू झाला त्याच्या अनुसूचीत, एखादी व्यक्ती करणी वा जादूटोणा करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हाही अपराध मानला आहे. ही तरतूद प्रामुख्याने खेड्यांतील आणि आदिवासी पाड्यांतील ज्या बायकांना चेटकीण ठरवून छळले जाते त्यांच्यासाठी होती. तोच आरोप वातानुकूलित स्टुडिओतून, सूट घातलेल्या निवेदकांच्या तोंडून राज्याच्या राजधानीतल्या एका बाईवर झाला, तेव्हा मात्र त्याला अंधश्रद्धा न म्हणता चर्चा म्हटले गेले.

वर्गाचा आणि सत्तेचा पैलूही लपून राहिला नाही. बिहारच्या मुख्यमंत्र्यांविषयी बोलण्याची तिची औकात नाही, असे त्या राज्याचे तत्कालीन पोलीस महासंचालक कॅमेऱ्यासमोर बोलले. पुढच्याच महिन्यात त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेऊन सत्ताधारी पक्षात प्रवेश केला. बिहारची निवडणूक तोंडावर होती आणि मृताच्या छायाचित्राचे स्टिकर एका पक्षाच्या सांस्कृतिक विभागाने छापून वाटले होते. दुःख खरे असले तरी त्याचा व्यापार आणि राजकारण करणारे त्या दुःखाचे धनी नव्हते.

६ सप्टेंबरला रिया चौकशीसाठी अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या बॅलार्ड इस्टेट येथील कार्यालयात निघाली असता माईक आणि कॅमेरे घेतलेल्या जमावाने तिला चारही बाजूंनी दाबून धरले. साथीच्या काळात, जेव्हा दोन माणसांत सहा फुटांचे अंतर राखण्याचा सरकारी आदेश होता, तेव्हा एका बाईला दारापर्यंत जायला अंगावर येणाऱ्या पुरुषांतून वाट काढावी लागली. ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५च्या आपल्या निबंधात चित्रपटातील ‘पुरुषी नजरे’चे विवेचन केले आहे, पडद्यावरील स्त्री ही पाहण्यासाठी असते आणि पाहणारा डोळा, मग तो कॅमेऱ्याचा असो, नायकाचा असो की प्रेक्षकाचा, पुरुषाचा गृहीत धरलेला असतो, असे त्या विवेचनाचे सार. बॅलार्ड इस्टेटच्या दृश्यात ही नजर रूपकाची उरली नाही, ती अंगचटीला आली. दोन दिवसांनी अटकेच्या वेळी तिच्या टी-शर्टवर पितृसत्ता मोडून काढू अशा अर्थाच्या ओळी होत्या, आणि मग तो टी-शर्ट हाच दिवसभराचा विषय झाला. चित्रपटसृष्टीतील अनेक स्त्रियांनी त्या ओळी आपापल्या खात्यांवरून फिरवल्या. त्या पाठिंब्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही, परंतु घोषवाक्य छापलेला कपडा घालणे आणि फिरवणे हा स्त्रीवादाचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे, हेही म्हणायला हवे. त्या दिवशी ज्या प्रश्नाची निकड होती तो, म्हणजे अटक कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या पुराव्यावर, हा टी-शर्टच्या चर्चेत बुडून गेला.

तो प्रश्न विचारला मुंबई उच्च न्यायालयाने. भायखळ्याच्या महिला कारागृहात सुमारे महिना काढल्यावर ७ ऑक्टोबरला न्यायमूर्ती सारंग कोतवाल यांनी तिला जामीन दिला. अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम २७-अ मध्ये अवैध व्यापाराला पैसा पुरवणे या गंभीर अपराधाची शिक्षा सांगितली आहे. दुसऱ्याच्या सेवनासाठी काही पदार्थाचे पैसे देणे म्हणजे असा व्यापार पोसणे नव्हे, आणि ती कोणत्या विक्रेत्यांच्या साखळीचा भाग नव्हती, असे न्यायालयाने नमूद केले. तपास यंत्रणेच्या वतीने आणखी एक युक्तिवाद झाला होता, तो अधिक बोलका आहे: प्रसिद्ध व्यक्ती तरुणांसमोर आदर्श असतात, म्हणून त्यांच्याशी कठोरपणे वागावे. न्यायमूर्तींनी हे मान्य केले नाही. कायद्यापुढे सगळे समान असून प्रसिद्धीमुळे जशी सवलत मिळत नाही तसा जादा बोजाही पडत नाही, असे त्यांचे म्हणणे. लोकप्रिय संस्कृतीतील स्त्रीवर नेहमीच हा जादा बोजा असतो. तिने अपराध केला की नाही याआधी, तिच्याकडे पाहून मुली काय शिकतील, हे विचारले जाते. तिच्यासोबत त्याच खोलीत असलेल्या पुरुषाकडे पाहून मुलगे काय शिकतील, हे कोणी विचारत नाही.

आता पैशाकडे वळायला हवे, कारण या वादाचे इंजिन तेथे आहे. वाहिन्यांचा प्रेक्षक मोजण्याचे काम बार्क ही संस्था करते, आणि ही मोजणी २०२०च्या सुमारास देशभरातील साधारण ४४ हजार घरांत बसवलेल्या यंत्रांवरून होत असे. त्या आकड्यांवर, ज्याला बोलीभाषेत टीआरपी म्हणतात, जाहिरातींचे दर ठरतात. वृत्तवाहिन्यांचा प्रेक्षकांतील वाटा मुळात लहान असल्याने काही थोड्या घरांचा कल बदलला तरी क्रम वरखाली होतो, म्हणून रात्री नऊच्या तासाला प्रेक्षकाला हलू न देणे ही धंद्याची निकड असते. तपासात रोज काही घडत नाही; चारित्र्याविषयी मात्र रोज काहीतरी बोलता येते. म्हणूनच खासगी व्हॉट्सअॅप संभाषणे मोठ्या अक्षरांत पडद्यावर आली, इमारतीत सामान पोहोचवायला आलेल्या माणसामागे माईक धावले, आणि एका मोठ्या हिंदी वाहिनीने मृताचे म्हणून जे ट्वीट दाखवले ते बनावट निघाल्यावर वाहिन्यांच्याच स्वयंनियमन संस्थेने तिला माफी मागायला आणि एक लाख रुपये भरायला सांगितले. एक लाख ही रक्कम त्या तासातील जाहिरातींच्या दराशी ताडून पाहिली तर दंड कोणाला झाला, असा प्रश्न पडतो. ऑक्टोबरमध्ये टीआरपीत फेरफार केल्याचा तपास मुंबई पोलिसांनी जाहीर केला आणि बार्कने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे देणे थांबवले. समाजमाध्यमांवर या धंद्याची दुसरी शाखा चालते. तेथे अल्गोरिदम, म्हणजे कोणती नोंद कोणापुढे आणायची हे ठरवणारी संगणकीय रीत, ज्या मजकुरावर लोक अधिक वेळ थांबतात आणि अधिक तावातावाने उत्तर देतात तो वर ढकलते. संताप हा थांबवून धरणारा असतो, आणि बाईविषयीचा संताप सर्वांत सहज पेटतो. हॅशटॅगच्या एका शब्दाखाली सगळा संताप गोळा होतो आणि वाहिनी संध्याकाळी तोच ‘देश विचारतो आहे’ म्हणून दाखवते.

१८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती दीपंकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने या प्रकरणातील ‘मीडिया ट्रायल’वर, म्हणजे न्यायालयाआधी माध्यमांनीच खटला चालवून निकाल देण्यावर, सविस्तर निवाडा दिला, याचिकाकर्त्यांत राज्याचे निवृत्त ज्येष्ठ पोलीस अधिकारीही होते. दोन वाहिन्यांचे वार्तांकन सकृद्दर्शनी अवमानकारक असल्याचे म्हणूनही त्यांच्यावर कारवाई न करता न्यायालयाने आत्महत्येच्या आणि तपासाच्या वार्तांकनाची तत्त्वे घालून दिली आणि स्वतंत्र नियमन होईपर्यंत वृत्तपत्रांसाठीचे प्रेस कौन्सिलचे निकष वाहिन्यांनाही लागू होतील असे सांगितले. निवाडा मोलाचा आहे. त्यामागे अंमलबजावणीचा दंडुका नाही, हेही तितकेच खरे. मार्च २०२५मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दाखल केला. एम्सच्या वैद्यकीय मंडळाने तर २०२०च्या शरदातच हत्येची शक्यता फेटाळली होती. चार महिने रोज रात्री जी बातमी चालली, तिचा हा शेवट एक-दोन दिवसांत आटोपला.

हे सारे मोबाइलमुळे झाले, असे म्हणण्याचा मोह होतो, पण मराठी वाचकाला तो परवडणारा नाही. १८८१ साली सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला आपल्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती जन्मठेपेवर आणि पुढे पाच वर्षांवर आली. आणि ही बातमी वृत्तपत्रांतून फिरताच ‘पुणेवैभव’सारख्या पत्राने एकूण स्त्रीजातीच्या नीतीवरच तोंडसुख घेतले. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापली. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात निघालेल्या पाचशे प्रती आणि नऊ आणे किंमत, एवढाच तिचा व्याप. पण चालू बातमीवरील वादाला स्त्रीने दिलेले ते मराठीतील पहिले सडेतोड उत्तर आहे, आणि त्याचे मर्म हेच आहे की त्या विधवेला प्रश्न विचारणाऱ्यांनी तिला त्या अवस्थेत नेणाऱ्या पुरुषाला, पुनर्विवाह नाकारणाऱ्या शास्त्रींना आणि घराण्याच्या अब्रूला एकही प्रश्न विचारला नव्हता. पुस्तकावर गदारोळ उठला तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची पाठराखण केली, आणि नंतर ते पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले, ते १९७५मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत.

‘स्त्रीपुरुषतुलना’नंतर दोनच वर्षांनी रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि सासरी नांदायला नकार देणाऱ्या या मुलीवर दादाजी भिकाजी यांनी १८८४मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा, म्हणजे पत्नीला नांदायला आणण्याचा, दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५मध्ये निकाल तिच्या बाजूने दिला, अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी तिला नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे फर्मावले, तेव्हा तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. या काळात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ तिच्या विरोधात उभे होते, आणि तिच्या शिक्षणावर, तिच्या सावत्र वडिलांवर, सुधारकांच्या हेतूंवर वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने खर्ची घातले. परंतु या बातमीत एक विशेष होता. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘अ हिंदू लेडी’ या टोपणनावाने १८८५मध्ये बालविवाहावर जी पत्रे आली ती स्वतः रखमाबाईंची होती. ज्या वादात तिला केवळ विषय व्हायचे होते त्यात ती लेखिका म्हणून शिरली, तेही नाव झाकून, कारण नाव सांगितले असते तर मुद्दा बाजूला पडून चर्चा नावाचीच झाली असती. टोपणनाव हे आज समाजमाध्यमांवर शिवीगाळ करणाऱ्याचे, म्हणजे ट्रोलचे, हत्यार मानले जाते. ते मुळात स्त्रियांचे कवच होते, ही आठवण ठेवावी.

हे दोन प्रसंग आणि २०२०चा प्रसंग निदान वाद तरी ठरले; जातीचा प्रश्न येथेच येतो. वाद व्हायलासुद्धा एक पात्रता लागते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा मोठ्या वृत्तपत्रांनी आठवडे लोटेपर्यंत तिची पुरेशी दखल घेतली नाही, आणि जे छापून आले त्यात सुरेखा भोतमांगे यांच्यावर अनैतिक संबंधांचा शिंतोडा उडवणारे कथन होते. जमिनीचा वाद आणि जातीचा द्वेष मागे राहिला. महाराष्ट्रातील दलित रस्त्यावर उतरले तेव्हा कोठे पहिल्या पानावर जागा मिळाली. इतिहासकार उमा चक्रवर्ती यांनी १९९३मध्ये ‘ब्राह्मणी पितृसत्ता’ ही संकल्पना मांडली, तिचा आशय असा की जातीची उतरंड टिकवण्यासाठीच स्त्रीच्या लैंगिकतेवर पहारा बसवला जातो, त्यामुळे वरच्या जातीची बाई चारित्र्याच्या पिंजऱ्यात असते आणि खालच्या जातीच्या बाईला चारित्र्यच नाही असे गृहीत धरले जाते. नटीच्या टी-शर्टवर दिवसभर चर्चा करणारी व्यवस्था आणि चौघांच्या हत्येवर महिनाभर गप्प राहणारी व्यवस्था ही एकच आहे. धर्माच्या बाबतीत तिने पुढे आणखी क्रूर रूप घेतले: २०२१ आणि २०२२मध्ये बोलक्या मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे ‘लिलावा’साठी मांडणारी दोन अॅप निघाली आणि दुसऱ्या प्रकरणाचा तपास मुंबई पोलिसांनी केला.

येथपर्यंत जमाव हा स्त्रीच्या विरुद्धच उभा राहिलेला दिसतो. ऑक्टोबर २०१७मध्ये मात्र अमेरिकेत कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या राया सरकार यांनी लैंगिक छळाचा आरोप असलेल्या प्राध्यापकांची एक यादी फेसबुकवर टाकली, तीत बहुतेक ठिकाणी नावाखेरीज तपशील नव्हता. त्यावर नामवंत स्त्रीवादी अभ्यासकांच्या एका गटाने निवेदन काढून यादी मागे घेण्याची विनंती केली. संस्थांतर्गत समित्या, कायदेशीर प्रक्रिया, दोन्ही बाजू ऐकणे हे मिळवायला चळवळीला दशके लागली असून निनावी आरोपांनी ते पाण्यात जाईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. तरुण आणि विशेषतः दलित-बहुजन स्त्रियांनी उलट विचारले, की त्या समित्यांत बसते कोण, आणि तेथे जाऊन आलेल्या मुलीच्या हाती काय लागते? हे भांडण सासू-सुनेच्या चालीने रंगवले गेले, त्यामुळे त्याचा गाभा हरवला. दोन्ही बाजूंचे म्हणणे एकाच वेळी खरे होते. पुरावा न मागणारा जमाव आज प्राध्यापकावर आणि उद्या एखाद्या नटीवर धावतो, आणि पुरावा मागणारी संस्था तो गोळा करण्याची सारी जबाबदारी तक्रार करणाऱ्या मुलीवर टाकते. या व्याख्यानाचा कल, स्पष्टच सांगायचे तर, प्रक्रियेकडे आहे. पण ज्या प्रक्रियेत तक्रार करणारीच आरोपी ठरते तिला प्रक्रिया म्हणावे का, ही शंका त्या यादीने कायमची रुजवली.

सप्टेंबर २०१८मध्ये तनुश्री दत्ता हिने २००८च्या एका चित्रपटाच्या सेटवरील वर्तनाविषयी पुन्हा बोलल्यानंतर भारतात ‘मी टू’ची लाट आली, आणि पहिला प्रश्न विचारला गेला तो दहा वर्षे का थांबलीस हा. वस्तुतः ती २००८मध्येही बोलली होती. त्याच लाटेत पत्रकार प्रिया रमाणी यांनी तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांच्यावर आरोप केला, अकबर यांनी फौजदारी बदनामीचा खटला भरला, आणि १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने रमाणी यांना निर्दोष ठरवताना सांगितले की स्त्रीला दशकांनंतरही, आपल्याला हव्या त्या व्यासपीठावर तक्रार मांडण्याचा हक्क आहे आणि प्रतिष्ठेचा हक्क दुसऱ्याच्या सन्मानाच्या हक्काची किंमत देऊन राखता येत नाही. ‘का थांबलीस’ या प्रश्नाला एवढे स्पष्ट उत्तर भारतीय न्यायालयाने क्वचितच दिले असेल.

न्यायालयातील कॅमेऱ्याविषयी थोडे बोलणे अवश्य आहे, कारण खटल्यांचे थेट प्रक्षेपण आता भारतातही रुळते आहे. अभिनेता जॉनी डेप आणि अभिनेत्री अँबर हर्ड यांच्या संसारातील मारहाणीच्या आरोपांवर दोन देशांत दोन दावे चालले. २०२०मध्ये लंडनला न्यायमूर्ती निकोल यांनी ज्यूरीविना सुनावणी घेऊन, डेप यांना पत्नीला मारणारा म्हणणारा वृत्तपत्रातील मजकूर बव्हंशी सत्य असल्याचे ठरवले. २०२२मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात कॅमेऱ्यांसमोर, सहा आठवडे थेट प्रक्षेपित झालेल्या खटल्यात ज्यूरीने प्रामुख्याने डेप यांच्या बाजूने कौल दिला. प्रतिवादी वेगळे, कायदा वेगळा, म्हणून दोन निकालांची सरळ तुलना करता येत नाही. तरीही त्या सहा आठवड्यांत साक्ष देताना रडणाऱ्या बाईच्या नकला करणाऱ्या चित्रफिती जगभर करमणूक म्हणून फिरल्या, आणि ज्यूरीतील माणसे रोज संध्याकाळी आपापल्या घरी, आपापल्या मोबाइलकडे परतत होती.

केरळचे उदाहरण यापेक्षा वेगळ्या जातीचे आहे. फेब्रुवारी २०१७मध्ये एका अभिनेत्रीवर चालत्या गाडीत अत्याचार झाल्यानंतर मल्याळम चित्रपटसृष्टीतील स्त्रियांनी ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’ ही संघटना बांधली, सरकारकडे चौकशीची मागणी केली, आणि निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा, ज्येष्ठ अभिनेत्री शारदा आणि निवृत्त सनदी अधिकारी के. बी. वत्सलाकुमारी यांची समिती नेमली गेली. समितीने २०१९च्या अखेरीस अहवाल दिला आणि सरकारने तो जवळजवळ पाच वर्षे दाबून ठेवला. माहिती आयोगाच्या आदेशानंतर काही भाग वगळून तो १९ ऑगस्ट २०२४ रोजी बाहेर आला. त्या महिनाभरात जे घडले ते वाहिन्यांच्या सवयीप्रमाणेच घडले. नावे कोणाची, कोणत्या नटाने काय केले, वगळलेल्या परिच्छेदांत कोण आहे, यावर रात्रंदिवस चर्चा झाली. आरोप पुढे आले, विशेष तपास पथक नेमले गेले, कलाकारांच्या ‘अम्मा’ या संघटनेच्या कार्यकारिणीने अध्यक्ष मोहनलाल यांच्यासह राजीनामा दिला. यातले काहीच अनाठायी नव्हते.

पण त्या अहवालाचा बराच मोठा भाग नावांविषयी नाहीच. तो कराराविना काम करणाऱ्या, ठरलेले पैसे न मिळणाऱ्या, कनिष्ठ कलाकार म्हणून दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या बायकांविषयी आहे. केशभूषा, वेशभूषा, सहायक दिग्दर्शन ही कामे करणाऱ्यांविषयी आहे, ज्यांची नावे प्रेक्षकाला कधीच कळत नाहीत. बाहेरच्या चित्रीकरणात कपडे बदलायला आडोसा नाही, स्वच्छतागृह नाही, म्हणून या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि त्यातून त्यांना मूत्रमार्गाचे विकार जडतात, असे त्यात लिहिले आहे. निर्मात्याला त्यासाठी ना तपास पथकाची गरज होती ना न्यायालयाच्या आदेशाची. एक पत्र्याची खोली, पाण्याची टाकी आणि दाराला आतून कडी एवढेच लागत होते. त्या पानांवर कोणत्याही वाहिनीने नऊ वाजताचा कार्यक्रम केला नाही, कोणता हॅशटॅग चालला नाही आणि कोणत्याही निर्मात्याच्या दारात माईक घेऊन कोणी उभे राहिले नाही.